क्लेतोची हाडं कुठे गेली

क्लेतो माग्सिनो खोटं बोलायला लागलाय, हे मला एका गुरुवारी कळलं. बाजारात बावीस वर्षं डुकराचं मांस विकणारा माणूस ऐन आठवड्यात गाळा बंद ठेवतो, इस्त्रीचा शर्ट घालतो, काखेत टॉवेलात गुंडाळलेलं लांबट काहीतरी धरतो आणि सहाच्या बसने मनिलाला निघतो. मी आपलं सहज विचारलं, तर म्हणाला, "चुलतभावाला बघायला चाललोय, कुमारे. इस्पितळात आहे."

आता टॉवेलात गुंडाळून इस्पितळात काय नेतात? केळी नेतात. पण केळी वाकडी असतात. हे सरळ होतं, आणि खणखणत होतं.

माझं खिडकीचं दुकान त्याच्या घराच्या बरोब्बर समोर. जाळीच्या खिडकीतून मी साबण, तेल, सुट्या सिगारेटी, व्हिनेगरच्या पुड्या बाहेर देते आणि त्याच खिडकीतून गल्ली आत येते. मी डोकावत नाही. खिडकीच तिकडे तोंड करून बसलीय, तिला मी काय करू? शिवाय त्यांच्या लेकीच्या, लिझेलच्या, बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून मीच उभी राहिले. तेव्हापासून नवराबायको दोघं मला कुमारे म्हणतात, म्हणजे मी अर्धी घरातलीच. अर्ध्या घरातल्या माणसाला निदान अर्धं तरी कळायला नको?

क्लेतो तसा खोटं बोलणाऱ्यातला नव्हे. मुळात बोलणाऱ्यातलाच नव्हे. बुटका, खांदे दाराएवढे, आणि उजवा हात डाव्यापेक्षा दोन बोटं जाड, सत्तूर मारून मारून. त्याच्या गाळ्यावर किती किलो ते सांगायचं नसे, काय शिजवणार ते सांगायचं. सिनिगांग म्हटलं की तो बरगडी हाडासकट तोडणार, कारण चिंचेच्या त्या आंबट पाण्यात हाडाचा रस उतरला नाही तर ते सिनिगांग कसलं, आजाऱ्याचं पथ्य. दोन घावांत बरगडी, तीन घावांत खूर. डोळे मिटून ऐकलं तरी बाजारात क्लेतोचा सत्तूर ओळखू यायचा. मग डुकरांचा ताप आला. दोन वर्षं गाळ्यावर मांस नाही. क्लेतो तिथेच बसून सुकी मासळी विकायचा आणि ओळखीचं गिऱ्हाईक दिसलं की मान खाली घालायचा. ताप गेला, डुकरं परत आली, पण गिऱ्हाईक अर्धंच परत आलं. बाकीचं तोवर हमरस्त्यावरच्या थंडगार दुकानात जायला शिकलं होतं.

तर अशा माणसाला मनिलात कुठून आला चुलतभाऊ? माग्सिनोंची सात पिढ्यांची चुलत भावंडं आमच्याच गावात एकमेकांच्या बांधावर भांडतायत.

तुम्ही म्हणाल, एवढा काय संशय, परदेशी नोकरीच्या खटपटीत असेल. माझ्याही मनात ते आलं होतं. पण आमच्याकडे परदेशी नोकरी म्हणजे पोटुशीचे पहिले तीन महिने. कुणाला सांगायचं नाही, नजर लागते, गळून जातं. विमान ढगात शिरल्यावर मग बोलायचं. आणि ही रीत आमच्या गल्लीत जरा जास्तच कडक आहे, ती माझ्याच भावापायी.

सात वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ देल्फिन तैवानच्या कारखान्यात निघाला. एका छान बोलणाऱ्या माणसाने पैसे घेतले, पावती दिली, पावतीवर दोन शिक्के दिले. आम्ही डुक्कर भाजलं, गल्ली जेवली. भाड्याच्या जीपमध्ये एकोणीस जण विमानतळावर गेलो. काउंटरवरच्या बाईने तिकीट सुलटं बघितलं, उलटं बघितलं आणि हळूच विचारलं, "हे कुणी छापून दिलं?" येताना जीपमध्ये अठरा जण बसलो होतो. देल्फिन मागच्या दांडीला लटकून आला. जागा होती, पण आत बसलं की कुणाच्या ना कुणाच्या तोंडाकडे बघावं लागतं. तेव्हापासून तो माझ्या मागच्या खोलीत राहतो, तिचाकी दुरुस्त करतो, आमच्या दोघांचा स्वयंपाक करतो. त्रेचाळीस वर्षांचा आहे. त्या दिवसाचं डुक्कर मात्र गल्लीच्या अजून पचनी पडलेलं नाही.

असो. क्लेतोचं सांगत होते.

दुसरी खूण म्हणजे शांतता. रविवारी सकाळी चर्चच्या मिसेहून आलं की त्याच्या परसात सत्तुराचा ठकठकाट चाले. घरच्या जेवणासाठी हाडं तो मोठ्या हौसेने तोडायचा. तो आवाज बंद झाला. तिसरी खूण म्हणजे त्याचा कुत्रा. आमच्या गल्लीतली कुत्री बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. याचा कुत्रा महिन्याभरात सावकारासारखा झाला, भुंकायलासुद्धा उठेना.

बांबूच्या कुंपणावर मी कपडे वाळत घालते. त्या रविवारी कपडे नव्हते, तरी घातले. पलीकडे पेरूच्या झाडाखाली टेबल, टेबलावर डुकराचा अख्खा मागचा फरा, आणि समोर क्लेतो. डाव्या हातात पोलादी जाळीचा हातमोजा. एकाच हातात. उजव्या हातात सत्तूर नव्हे, बोटाएवढ्या पात्याची सुरी. बाजूला त्याची बायको सेंदांग मोबाइल धरून उभी, नर्स नाडी बघते तशी.

"पाच मिनिटं दहा," ती म्हणाली. "आणि हे बघ, हाडाला अजून मांस आहे."

"दिसतंय मला."

"दिसतंय तर काढ. बोलतोस कशाला, त्यात चार सेकंद गेले."

मी तीच ओली चादर तीनदा झटकली. घरी येऊन देल्फिनला सांगितलं की समोर काहीतरी भयंकर चाललंय. तो तांदूळ धूत होता. "तुला काय करायचंय?" म्हणाला. मग थोड्या वेळाने पाठमोराच, "किती मिनिटं म्हणाली?"

त्यानंतरच्या आठवड्यात गावाला बिनहाडाचं मांस मिळायला लागलं.

पहिली तक्रार घेऊन आली ती बेनिता. तिची बसथांब्याजवळ खाणावळ आहे, भातावर कालवण वाढायची. तिने माझ्या खिडकीच्या फळीवर पिशवी उलटी केली. गल्लीत सगळ्यांची मी आलिंग पुरिंग, म्हणजे पुरिंगमावशी.

"बघा, आलिंग पुरिंग. क्लेतोकडून आणलं. हाड नाही. कातडी नाही. भाव तोच, हाडासकटचा."

"मग फायदाच की तुझा."

"फायदा? खाटकाने गिऱ्हाइकाचा फायदा केलेला तुम्ही कधी ऐकलाय? हाडाच्या भावात नुसतं मांस कोण देतं? ज्याला ते आजच्या आज खपवायचंय तो."

तिचाकीवाला बादोंग सिगारेट पेटवायला थांबला होता. त्याला विचारलं नव्हतं, म्हणून तो बोलला. "कातडी नाही म्हणजे शिक्का नाही."

कत्तलखान्यातला तपासनीस जनावर बघतो आणि कातडीवर जांभळा शिक्का मारतो. शिक्का नाही ते मांस कुठलं कोण जाणे. तापाच्या दिवसांत लोकांनी आजाराने मेलेली डुकरं गुपचूप कापून विकली होती. दोनदा मेलेलं मांस म्हणतात त्याला, एकदा रोगाने आणि एकदा सुरीने.

"पण हाडं का काढेल तो?" बेनिता म्हणाली. "हाडाने काय बिघडतं?"

आणि मी म्हटलं, "अगं, हाडं म्हणजे साक्षीदार. साक्षीदारच गायब केले की खटला कसला?"

दोघं हसली. बादोंग तर खोकेपर्यंत हसला. माझा दिवस चांगला गेला.

शनिवारी तोच विनोद माझ्याकडे परत आला. चर्चची फुलं बदलणारी एक बाई खिडकीशी वाकून म्हणाली, "कळलं का, क्लेतो साक्षीदार गायब करतोय म्हणे. आजारी डुकरं आणतो, दर गुरुवारी मनिलाहून, टॉवेलात." विनोद माझाच होता, पण वाटेत कुठेतरी त्याच्यातलं हसू गळून पडलं होतं. मी "हो का?" म्हटलं आणि तिला साबण दिला. टॉवेलाचं मात्र मी फक्त दोघातिघांना सांगितलं होतं.

रविवारी बेनिता कुणाच्या तरी लग्नात चार ताटं जेवली आणि तिचं पोट बिघडलं. संध्याकाळी तिने बरंगायच्या कचेरीत, म्हणजे आमच्या वस्तीच्या कारभाराच्या खोलीत, कप्तान होनोरातोकडे लेखी तक्रार दिली. सोमवारी क्लेतोच्या गाळ्यावर माश्यांशिवाय कुणी नव्हतं. मंगळवारी सुनावणी.

सोमवारी दुपारी सेंदांग माझ्या खिडकीशी आली. व्हिनेगरची एक पुडी घेतली आणि तिथेच उभी राहिली. एका पुडीसाठी माणूस एवढा वेळ उभा राहत नाही. मी आतलं दार उघडलं.

"कुमारे, शपथ घे. कुणाला सांगणार नाहीस."

"मी?"

"तूच. बाकी कुणाकडे शपथ मागायची वेळच आली नसती."

मी मारियेची शपथ घेतली. मग तिने सांगितलं. आयर्लंडात मांसाचे कारखाने आहेत. तिकडच्या पोरांना ते काम नको झालंय, म्हणून इकडून माणसं नेतात. दोन वर्षांचा करार, राहायला खोली, मागाहून जमलं तर बायकोलाही बोलावता येतं. मनिलातल्या एका कंपनीच्या मागच्या अंगणात परीक्षा होते. तिकडचा एक गोरा, लाल कानांचा माणूस समोर उभा राहतो आणि फरा देतो. मांसातून हाड अख्खं, कोरडं बाहेर काढायचं, साडेचार मिनिटांत.

"मग त्यात काय," मी म्हटलं, "क्लेतोला झोपेत येईल."

"झोपेत सत्तूर येतो त्याला." ती खाली बसली. "पहिल्या परीक्षेला सांध्यापाशी पोचला आणि सवयीने मारला एक घाव. हाडाचे तुकडे उडाले. त्या गोऱ्याने नुसता हात वर केला. तिकडे हाडाची एक कपची मांसात सापडली तर म्हणे अख्खी खेप परत येते. बावीस वर्षं ज्या घावासाठी लोकांनी याला डोक्यावर घेतलं, त्याच घावाने नापास. घरी येऊन दोन दिवस जेवला नाही."

म्हणून हाडं सोडवायचा सराव. रोज फरे कुठून आणणार? मग गाळ्यावरच्याच मांसावर हात बसवायचा आणि हाडं कुत्र्याला.

"येत्या गुरुवारी दुसरी परीक्षा, आणि शेवटची," सेंदांग म्हणाली. "एकोणीस तारखेला त्याला पंचेचाळीस पूर्ण होतात. पंचेचाळीस झाली की ते घेत नाहीत. आणि गुरुवारीच कप्तानचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला जोडायचाय. कप्तान म्हणतो तक्रार निकाली निघाल्याशिवाय सही नाही."

माझं तोंड मात्र आपल्या वळणाने गेलं. "कंपनी किती घेते?"

"काही नाही. सगळं तिकडचा मालक भरतो. विमानाचं तिकीटसुद्धा."

"सेंदांग, माणसाला फुकट नेतात ते फक्त कबरीत. आणि तिथेही फादरला द्यावे लागतात. पैसे मागत नाहीत म्हणजे नक्की खोटं."

"मलाही तेच वाटलं होतं. पहिल्या दिवशी मी त्याला म्हटलं, थोडे तरी घेतात का विचार, म्हणजे भरवसा वाटेल."

मागच्या दारात देल्फिन उभा होता. कधीपासून, कोण जाणे. "कंपनीचं नाव काय?" त्याने विचारलं. सेंदांगने सांगितलं. तो आत गेला. तैवानच्या प्रकरणानंतर त्याने सरकारी परवान्यांची यादी कशी बघायची हे पाठ केलंय, जसं पोहता न येणारा माणूस पूल पाठ करतो. दहा मिनिटांनी मोबाइल घेऊन बाहेर आला.

"यादीत आहे. परवाना चालू आहे. आयर्लंडला जाणाऱ्याकडून पैसे घ्यायचेच नाहीत, असा नियमच आहे."

"यादी खरी कशावरून?" मी म्हटलं.

"सात वर्षांपूर्वी मी असंच विचारायला हवं होतं," तो म्हणाला आणि परत आत गेला.

सेंदांग उठली. दारात थांबून म्हणाली, "बाजारात हे साक्षीदारांचं कुणी सुरू केलं, कोण जाणे. डोकं चांगलं आहे बाईचं."

"बाईचं कशावरून?" मी म्हटलं.

ती पाठ फिरवून निघाली. व्हिनेगरची पुडी फळीवरच विसरून गेली. विसरली की ठेवून गेली, ते मला अजून कळलेलं नाही.

मंगळवारी दहा वाजता कचेरीत बसायला जागा नव्हती. प्लास्टिकच्या खुर्च्या संपल्या, लोक खिडकीच्या कठड्यांवर बसले. कप्तान होनोरातो स्थूल, सोशीक माणूस. त्याने तक्रार वाचली आणि चष्म्यावरून बघितलं.

"क्लेतो, हाडं का काढतोस?"

क्लेतो उभा. शर्टाचं बटण चाचपत.

"बरं, काढलेली हाडं जातात कुठे?"

"कुत्र्याला."

"कुत्रा फुगलाय म्हणे," बादोंग मागून म्हणाला. लोक हसले.

"आणि गुरुवारी मनिलाला कशाला जातोस?"

"चुलतभावाला बघायला."

"कुठला चुलतभाऊ?" त्याच्या सख्ख्या चुलतभावाने, दारात उभं राहून, विचारलं.

क्लेतोचे कान लाल झाले. सांगितलं तर गळून जाणार. शिवाय आपण एकदा नापास झालो, आणि तेही मांस कापण्यात, हे बाजारापुढे कसं सांगायचं? नाही सांगितलं तर दाखला नाही. तो आपल्या जाड हाताकडे बघत राहिला. बेनिताने सगळ्यांकडे असं बघितलं की, घ्या.

माझी काय अवस्था झाली असेल बघा. आयुष्यात पहिल्यांदा मला अख्खी बातमी ठाऊक होती, समोर सगळं गाव होतं, आणि शपथ मारियेची. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. शेजारची बाई म्हणाली, "बरं वाटत नाहीये का, आलिंग पुरिंग?"

शेवटी उठलेच. "कप्तान, बोलून काय होणार? माणूस मुका आहे, मांस मुकं आहे. शिक्क्याचा फरा मागवा. तो याने आणायचा नाही, बेनिताने आणायचा, बाजारात तिला हव्या त्या गाळ्यावरून. आणि इथे, तुमच्यासमोर, याला तो कापू दे. बिनहाडाचं मांस शिक्क्याच्या डुकराचंही निघतं का, एवढंच बघायचं."

"आणि फऱ्याचे पैसे?"

"माझे." हे म्हणताना जीव गेला, पण म्हटलं.

सेंदांगने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात आभार होते, पण पूर्ण नव्हते.

बेनिताने बाजारातला सगळ्यात मोठा फरा आणला, पैसे माझे म्हटल्यावर आणखी काय आणणार. कातडीवर जांभळा शिक्का लखलखीत. कप्तानच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. "माझ्याकडे इथे सत्तूर नाही," क्लेतो पुटपुटला. सेंदांगने आपल्या पिशवीतून टॉवेलाची गुंडाळी काढून पुढे ठेवली. ती बाईसुद्धा तयारीने आली होती.

टॉवेल उलगडला. बारीक सुरी, आणि पोलादी जाळीचा हातमोजा. लोकांनी माना पुढे काढल्या. क्लेतोने मोजा चढवला, सुरीचं टोक कातडीला लावलं, आणि मग त्याला खोली दिसेनाशी झाली असावी. पातं हाडाला धरून उतरत गेलं, केळीचं साल सुटतं तसं मांस बाजूला पडत गेलं. ठकठकाट नाही, रक्ताचा थेंब नाही. तो सांध्यापाशी आला आणि अडकला.

"घाल ना एक घाव," बादोंग ओरडला. "कप्तानला जेवायला जायचंय."

क्लेतोचा उजवा हात वर गेला. त्याने नेला नाही, आपोआप गेला. बावीस वर्षांचा हात, त्यात बोटाएवढी सुरी. सेंदांगने डोळे मिटले. हात तसाच हवेत, एक, दोन, तीन. मग तो हळूहळू खाली आला. क्लेतोने सुरी टेबलावर ठेवली, अंगठ्याने सांधा चाचपला, वैद्य पोट चाचपतो तसा, आणि परत सुरी घेऊन टोक आत घातलं. कट असा बारीक आवाज झाला. हाड अख्खं बाहेर आलं, स्वच्छ, धुऊन वाळवल्यासारखं. ते त्याने कप्तानच्या पुढ्यात ठेवलं. शेजारी कातडी पसरली. शिक्का अभंग.

दारापाशी देल्फिन उभा होता. त्याने मोबाइल खिशात टाकला. "चार मिनिटं दोन," तो स्वतःशीच म्हणाला, पण मला ऐकू आलं.

सगळे त्या हाडाकडे बघत होते. आमच्या गावात अख्खं, कोरडं हाड कुणाला लागतं? कुणालाच नाही. असलं काम इथल्या कुठल्या स्वयंपाकघरासाठी कुणी शिकत नाही. ते सगळ्यांना एकदम कळलं, आणि कळल्याचं कुणी तोंडावर येऊ दिलं नाही. प्रत्येक घरातून कुणी ना कुणी गेलंय, किंवा जाता जाता राहिलंय.

बेनिता हातमोज्याकडे बघत होती. "हा मोजा..." ती म्हणाली आणि थांबली. "चांगला आहे. फणस चिरायला."

"थंडीत बरा," बादोंग म्हणाला आणि पटकन छताकडे बघायला लागला. बाहेर ऊन असं की डांबर वितळत होतं.

"बेनिता, तुझ्या पोटाचं काय?" कप्तानने विचारलं.

"लग्नात जरा जास्तच झालं असेल, कप्तान. पुडिंग गोड होतं."

कप्तानने तक्रार दुमडली आणि खणातून दाखल्याचा कागद काढला. "कशासाठी लिहू?"

क्लेतोने तोंड उघडलं. त्याच्या जिभेवर चुलतभाऊच असणार.

"राहू दे," कप्तान म्हणाला आणि छापील ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचलं, "ज्या कायदेशीर कामी लागेल त्या कामी. एवढं पुरे आहे." सही केली, शिक्का मारला, आणि शिक्क्यावर जरा जास्तच वेळ फुंकर घातली.

हाड बेनिताने मागून घेतलं. म्हणाली, सिनिगांगला होईल. मांस मात्र पैसे माझे म्हणून माझं, तरी त्यातलं अर्धं तिनेच नेलं.

गुरुवारी क्लेतो सहाच्या बसने गेला आणि संध्याकाळी उतरला. मी खिडकीत होते. चेहऱ्यावर काही नाही. चालण्यात काही नाही. शर्टाची पाठसुद्धा वाचून बघितली, काही लिहिलेलं नाही. एकोणिसाव्या तारखेला त्याच्या घरी वाढदिवसाच्या लांब शेवया झाल्या. मला वाडगाभर आल्या, त्यातही काही कळेना. माझी जीभ वळवळत होती, पण विचारलं नाही. विचारलं आणि गळून गेलं तर? एकदा साक्षीदारांची कंडी मीच पिकवलीय, दुसऱ्यांदा माझ्या अंगावर नको.

जानेवारीतल्या एका सकाळी गाळ्यावर क्लेतो नव्हता. दुसऱ्या दिवशीही नव्हता. तिसऱ्या दिवशी सेंदांग साबण घ्यायला आली.

"क्लेतो दिसत नाही," मी म्हटलं.

"चुलतभावाकडे गेलाय. इस्पितळात."

"अजून बरा नाही झाला?"

"वेळ लागेल म्हणतात." ती पाकीट उघडून चिल्लर शोधत होती. "दोन वर्षं."

फेब्रुवारीत तिने फोटो दाखवला. पांढरा डगला, पांढरे बूट, शेजारी लाल कानांचा माणूस, मागे राखाडी आभाळ. मी तो बराच वेळ बघितला. असलं आभाळ आपल्याकडेही वादळाच्या आधी असतं, आणि लाल कानांची माणसं पर्यटकांत ढिगाने मिळतात. देल्फिनने फोटो बोटांनी मोठा केला, क्लेतोच्या डाव्या हातापर्यंत नेला.

"मोजा तसलाच आहे," म्हणाला.

"तिकडे हाडं टाकून देतात म्हणे," सेंदांग म्हणाली. "पिंपंच्या पिंपं. रोज बघतो आणि जीव तुटतो म्हणतो. चिंच मिळत नाही, नाहीतर ती हाडं मागून आणली असती."

गाळा रिकामा ठेवायचा नाही म्हणून तिने तो देल्फिनला चालवायला दिलाय. तिचाकी दुरुस्तीपेक्षा बरं. बेनिता म्हणते, हात अजून कच्चा आहे, पण वजन खरं देतो. गावाला परत हाडासकट मांस मिळतंय आणि गाव पुन्हा निर्धास्त जेवतंय.

गेल्या आठवड्यात मात्र एक गोष्ट झाली. देल्फिनने कोंबडीचं आदोबो, म्हणजे व्हिनेगरातलं कालवण, केलं होतं. मी तंगडी उचलली, चावली, आणि दात दातावर आले. आत हाड नव्हतं. बाहेरून बघाल तर अख्खी तंगडी. मी दुसरी उचलली. तिच्यातही नव्हतं.

मी समोर बघितलं. तो भात खात होता, मान खाली. मागच्या दारी दोरीवर टॉवेल वाळत होता, मधोमध एक लांब घडी पडलेला. त्रेचाळीस आणि तीन महिने, मी मनात मोजलं.

"गुरुवारी मनिलाला जाईन म्हणतोय," तो म्हणाला. "क्लेतोच्या चुलतभावाला बघून येतो."

मी तोंडातला घास गिळला.

"जा," म्हटलं. "केळी घेऊन जा."